ओ देण्याचा हक्क

भाऊबीजेनंतरच्या मंगळवारी माझ्या सासूबाईंच्या माहेरच्या नावाची मुदत संपली, आणि दुपारच्या आत ते नाव एका लोणच्याच्या कंपनीने घेतलं.

नाव होतं आवडी. सासरी त्या सुहासिनी. लग्न होऊन गडहिंग्लजला आल्या तेव्हा माझ्या सासऱ्यांनी, म्हणजे आबांनी, परातीतल्या तांदळात अंगठीने नवं नाव लिहिलं. तेव्हापासून सगळं गाव त्यांना सुहासिनी म्हणतं. त्यांना आवडी म्हणणारा जगात एकच माणूस उरला होता, आजऱ्याचे त्यांचे थोरले भाऊ, आमचे तात्यामामा.

नाव चालू ठेवायला फार काही लागत नाही. वर्षातून एकदा कुणीतरी त्या नावाने हाक मारायची आणि नावाच्या धन्याने ओ द्यायचा, की पुढचं वर्ष मिळालं. सासरच्या नावाच्या बाबतीत हे दिवसभर चालूच असतं, त्यामुळे कुणाच्या लक्षातही येत नाही. माहेरच्या नावाला मात्र भाऊबीजेचाच आधार. तात्यामामा दरवर्षी यायचे, उंबऱ्याबाहेर चपला काढता काढताच "आवडे" म्हणून हाक मारायचे, सासूबाई आतून "ओ" म्हणायच्या आणि काम होऊन जायचं. त्या वर्षी मामा न्हाणीघरात घसरून पडले. खुब्याचं हाड मोडलं, म्हणून त्यांनी येण्याऐवजी फोन केला. सासूबाईंनी एका हाताने बासुंदी ढवळत दुसऱ्या हाताने तो घेतला. मामा म्हणाले, "आवडे." सासूबाई म्हणाल्या, "हॅलो."

हॅलो हा ओ धरला जात नाही.

माझा पोटापाण्याचा उद्योगच नावांचा आहे. गुळाचे व्यापारी, चपलांचे दुकानदार, एक फेट्यांचे कारागीर, अशा लोकांच्या वेबसाइटी मी सांभाळते. त्यांना नाव घेऊन देते, मुदत संपायच्या आधी त्यांच्या मागे लागते आणि लोक इंटरनेटवर शोधायला लागले की आपला माणूस पहिल्या पानावर दिसेल असं बघते. सासूबाई शेजारणींना सांगतात, "आमची सून लोकास्नी वर आणती." नव्या शेजारणी हे ऐकून आधी हात जोडतात. तर घरातलंच नाव सुटलं म्हटल्यावर मी हातातली सगळी कामं बाजूला ठेवली. कुणाचाही गूळ दोन दिवस खाली गेला तरी चालेल, असं मी स्वतःला सांगितलं.

नाव गेल्याचं आम्हाला कळलं ते आजऱ्याहून. मामांच्या सुनेचा, मंगलवहिनीचा फोन आला.

"शलाका, तुमच्यात कुणी लोणचं मागवलंय काय आमच्या पत्त्यावर?"

"नाही. का हो?"

"बरण्या यायला लागल्यात. तात्या पडल्या पडल्या आत्यास्नी हाक मारत्यात, आन् हाक मारली की बरणी येती. मांडणीवर जागा न्हाई आता."

आम्ही दोघी दुसऱ्याच दिवशी आजऱ्याला गेलो. मामांची खाट सोप्यातच टाकलेली होती. मोठा धिप्पाड माणूस, हिरण्यकेशीच्या पुरात उडी टाकणारा, तो अंथरुणात एवढासा झाला होता. खुब्याचं दुखणं एकीकडे, आणि मनही आता आजच्या दिवसात फारसं थांबत नव्हतं. डॉक्टरांनी वहिनीला बाजूला घेऊन सांगितलं होतं की जे भेटायचे असतील त्यांना बोलावून घ्या.

सासूबाई पायथ्याशी बसल्या. मामांनी छताकडे बघत हाक मारली, "आवडे."

सासूबाईंनी तोंड उघडलं. ओ आला नाही. त्यांनी पुन्हा प्रयत्न केला, गळ्याच्या शिरा ताणल्या, पण नाव दुसऱ्याकडे गेल्यावर ओ कुठून येणार? तेवढ्यात माजघराच्या बाजूने एका तरुण मुलीचा गोड आवाज आला, "ओ! आवडी लोणच्यांमध्ये आपलं स्वागत आहे. कैरी, लिंबू की माईनमुळा?"

"ही आवडी न्हवं," मामा म्हणाले. मग त्यांची नजर सासूबाईंवर गेली. "तुमी कोण म्हणायच्या, बाई?"

सासूबाईंना एवढंच म्हणता आलं, "मी सुहासिनी."

"आमच्यात सुहासिनी कोण न्हाई," मामा अदबीने म्हणाले. "बसा. च्या घेऊन जावा."

सासूबाईंनी चहा घेतला. मी त्यांना कधी रडताना पाहिलं नव्हतं, आणि तेव्हाही त्या रडल्या नाहीत, पण परत येताना एसटीत मला म्हणाल्या, "दादाला एकदा ओ द्यायचाय मला. त्यो जायच्या आत. मग ते नाव कुठं जायचं तिकडं जाऊ दे." या बाईने माझ्याकडे लग्नानंतर काहीही मागितलेलं नव्हतं.

नामनोंदणी कार्यालय कचेरीच्या मागच्या चाळीत आहे. तिथले अधिकारी श्री. कुंजीर हे पुण्याकडून नुकतेच बदलून आलेले, शांत गृहस्थ. त्यांनी आम्हाला बसायला सांगितलं आणि पंखा आमच्याकडे वळवला.

"फोनवर आपण नेमकं काय म्हणालात?"

"मी हॅलो म्हटलो," सासूबाई म्हणाल्या.

कुंजीरांनी 'अर्जदार पुरुष' असं लिहिलं. आमच्याकडच्या बायका बोलताना मी आलो, मी गेलो असंच म्हणतात, हे मी त्यांना समजावून सांगितलं. त्यांनी ते खोडलं आणि दिलगिरी व्यक्त केली.

"लग्नात नाव बदललं," ते पुढे म्हणाले, "तेव्हा जुन्या नावावरून नव्या नावाकडे वळण लावून घ्यायला हवं होतं. म्हणजे जुन्या नावाची हाक आपोआप नव्या नावाला आली असती. तसं काही केलं होतं का?"

"तांदळात लिवलं होतं आमच्या ह्यांनी."

"ते तांदूळ आहेत का?"

"भात केला."

कुंजीरांनी पेन खाली ठेवलं. त्यांना वाईट वाटलं असावं. "बऱ्याच जणींचं हेच होतं," ते म्हणाले. "कंपनीने नाव रीतसर घेतलंय. मोकळं दिसलं, घेतलं. मी ते काढून घेऊ शकत नाही. मात्र एक सांगतो. कंपनीने घेतली आहे ती नुसती हाक. हाकेला पुढे आणखी शब्दांचं शेपूट असेल, तर ती शेपटीची हाक अजून कुणाची नाही. ती मारली गेली आणि तिला आपल्याकडून उत्तर गेलं, तर मी ती आपल्या नावावर लावून देईन."

हे माझ्या ओळखीचं होतं. आमच्या धंद्यातही असंच चालतं. नुसतं 'चप्पल' शोधणाऱ्याला आपलं दुकान पहिल्या पानावर दिसावं म्हटलं तर जन्म जाईल, तिथे सगळे बडे बसलेले. पण 'नवरदेवासाठी न चावणारी कोल्हापुरी चप्पल' असं कुणी शोधलं तर आमचे गारगोटीचे शेठजी सगळ्यांच्या वर दिसतात. लांब शेपटीला गिऱ्हाईक थोडं, पण येतं ते आपलंच. तरीही मी आधी सोपा मार्ग करून बघितला. स्वतःच्या हुशारीवर माझा जरा जास्तच विश्वास आहे, असं आबा म्हणतात, आणि त्यांचं म्हणणं मी अजून मनावर घेतलेलं नाही.

सोपा मार्ग म्हणजे लोणच्याच्या मालकांना फोन करणं. केळुसकर म्हणून कुडाळकडचे गृहस्थ होते. भांडायची सगळी तयारी करून मी फोन लावला होता, पण माणूस भांडण्याजोगा निघाला नाही.

"ताई, माझ्याकडची ओ देणारी मुलगी मला रोज सांगते," ते म्हणाले. "आजऱ्याहून एक आजोबा हाक मारतात. ओ दिला की म्हणतात, ही नव्हे. तिलाही आता झोप लागत नाही. पण मी काय करू? बरण्यांवर छापून झालंय. अर्ध्या गावाच्या बायका माझ्याकडे कैऱ्या चिरायला येतात. नवं नाव घेऊन मी चालवूही शकलो असतो, पण जुन्या नावाला वजन असतं. तुमच्या सासूबाईंनी त्या नावाला जन्मभर खरा ओ दिलाय. लोकांना ते ऐकू येतं हो. म्हणून तर लोणचं खपतंय."

मी सासूबाईंना हे सांगितलं. त्या म्हणाल्या, "बरं बोलतोय बिचारा," आणि मला त्यांचा रागच आला. आपलं नाव नेणाऱ्याला बिचारा काय म्हणायचं?

मग मी दुसरा मार्ग धरला. एखादं नाव आपलं आहे हे पटवायचं तर चार भल्या माणसांनी ते नाव घेताना आपल्याकडे बोट दाखवावं लागतं. दहा ठिकाणी तुमचा उल्लेख झाला की तुम्ही वर सरकता, असा आमच्याकडचा सरळ हिशोब. मी सासूबाईंच्या भजनी मंडळाला विनंती केली की आठवडाभर त्यांना आवडाबाई म्हणा. बायका उत्साहाने कामाला लागल्या. टाळ वाजवायच्या आधी आवडाबाई, प्रसाद वाटताना आवडाबाई, वाटेत दिसल्या की आवडाबाई. प्रत्येक हाकेला कुठूनतरी तोच गोड ओ आला आणि आठवड्याच्या शेवटी अख्ख्या भजनी मंडळाच्या घरी लोणच्याच्या बरण्या पोचल्या. केळुसकरांनी आभाराचा फोन केला. गडहिंग्लज भागात त्यांचं नाव एवढं वर कधी गेलं नव्हतं. मला तोंड लपवायला जागा उरली नाही.

तोवर मामा जेवायचे थांबले होते. वहिनीने सांगितलं, पेज पाजतो तेवढीच. हाक मात्र चालू आहे.

आम्ही राहायच्या तयारीनेच आजऱ्याला गेलो. मी शेपटी शिकवायचा प्रयत्न केला. मामांच्या कानाशी बसून म्हटलं, "मामा, म्हणा, आवडे गडहिंग्लजवाली." मामा म्हणाले, "आवडे." ओ आला, कैरी की लिंबू विचारलं गेलं. मी म्हटलं, "मामा, म्हणा, आवडे माझी बहीण." मामा म्हणाले, "मग काय दुसऱ्याची हाय?" आणि पुन्हा नुसतंच "आवडे."

सासूबाई हे बघत होत्या. त्या म्हणाल्या, "तू त्याच्या तोंडात कशाला घालाय लागलीस? त्याला काय म्हणायचंय ते ऐक की."

मी मामांच्या कानापासून बाजूला सरकले. नवीन गिऱ्हाईक आलं की मी हेच त्याला बजावते. तुम्ही काय विकता ते मला सांगू नका, लोक काय म्हणून शोधतात ते सांगा. शोधणाऱ्याचे शब्द शोधणाऱ्याकडेच असतात, आणि ते बनवता येत नाहीत. हे मला पाठ होतं. पण माणूस घरचा असला की ऐकायचं राहून जातं, त्याचं खरंच वाईट वाटलं.

मग आम्ही नुसत्या बसलो. दुपारची जेवणं झाली होती. वहिनी आत आडवी झाली. परसदार उघडंच होतं, त्यातून नदीकडचा वारा येत होता. सासूबाईंनी मांडणीवरची एक बरणी काढली, बोटाने चाखली आणि म्हणाल्या, "मेथ्या करपवल्यात." मग बरणी ठेवून त्या मामांच्या उशाशी येऊन बसल्या. मामांचे डोळे मिटलेले होते. केस विरळ, कोरडे, उशीवर पसरलेले.

बऱ्याच वेळाने मामा कुशीवर वळले. खुब्यातून कळ आली असणार, पण ते कण्हले नाहीत. उलट त्यांनी श्वास धरला. त्यांचा चेहरा अगदी लबाड झाला, आणि त्यांनी कुणालाही ऐकू जाऊ नये अशा आवाजात म्हटलं, "आवडे, कडी काढ गे. आबा झोपल्यात."

मी माजघराकडे कान लावला. कुणीही ओ दिला नाही. ही हाक कुणाची नव्हती.

"आई," मी घाईने म्हटलं, "ओ द्या. द्या लवकर."

सासूबाईंनी माझ्याकडे बघून ओठांवर बोट ठेवलं.

त्या अनवाणी उठल्या. गुडघे दुखत असताना त्या इतक्या हलक्या पावलांनी चालू शकतात हे मला माहीत नव्हतं. परसदाराशी जाऊन त्यांनी ते उघडं दार हळूच लोटलं. कडी लावली. क्षणभर थांबल्या. मग कडीचा आवाज होऊ नये म्हणून तिच्याखाली बोट धरलं आणि ती काढली. दार किंचित उघडलं आणि त्या तिथेच बाजूला होऊन उभ्या राहिल्या, कुणाला आत यायचं असेल त्याला वाट देऊन.

अंथरुणातून मामांनी विचारलं, "उठलं न्हाईत न्हवं?"

"न्हाई," सासूबाई म्हणाल्या. आवाज त्यांचाच होता, पण मी तो पहिल्यांदा ऐकत होते. "पाय पूस आन् आत ये."

मामा मोठा श्वास सोडून उताणे झाले. सासूबाई परत आल्या, उशाशी बसल्या आणि पदराने त्यांचे कोरडे केस पुसू लागल्या. मामांनी डोळे उघडून त्यांच्याकडे पाहिलं.

"आवडे," ते म्हणाले. नुसतंच म्हणाले, हाक नव्हती ती. त्यामुळे कुठून ओही आला नाही. "तू हाईस म्हणून आत येतो गे मी."

"गप पड," सासूबाई म्हणाल्या. "नदीला किती पाणी हाय?"

"छातीएवढं."

"आन् तू गेलास?"

मामा हसले. त्या संध्याकाळी त्यांनी वाटीभर पेज घेतली आणि तोंडी लावायला लोणचं मागितलं.

दोन दिवसांनी मी एकटीच कुंजीरांकडे गेले. त्यांनी हाक लिहून घेतली, शेपटीसकट.

"ओ कसा दिला?"

"दिला नाही. कडी काढली."

"ओ दिलाच नाही?"

"ओ दिला असता तर आबा उठले असते. म्हणजे या बहीणभावांचे वडील, त्यांनाही आबाच म्हणत. लहानपणी दुपारी वडील झोपले की मामा चोरून नदीवर पोहायला जायचे. परत आले की सासूबाई मागचं दार उघडायच्या. या हाकेला कधीच कुणी ओ दिलेला नाही."

कुंजीरांनी चष्मा काढून पुसला. मग त्यांनी हळूहळू, अक्षर नीट काढत, शेरा लिहिला: सदर हाकेस ओ देणे अपेक्षित नाही. कडी काढणे पुरेसे. खाली सही केली आणि मला अट सांगितली. वर्षातून एकदा ही हाक मारली गेली पाहिजे. मारणारा खरोखर बाहेर असला पाहिजे, आणि त्याला खरोखर आत यायचं असलं पाहिजे.

सासूबाई शेवटपर्यंत आजऱ्यालाच राहिल्या. मामा रोज दुपारी नदीवरून परत यायचे आणि त्या रोज कडी काढायच्या. शिमग्याच्या आधी एका दुपारी ते आत आले आणि झोपले, ते उठले नाहीत. केळुसकरांकडच्या त्या ओ देणाऱ्या मुलीने आपण होऊन फोन केला आणि विचारलं की आजोबांची हाक आली नाही, बरे आहेत ना. बाराव्याला कुडाळहून एक बरणी आली. तिच्यावर नावाचा कागद चिकटवलेला नव्हता. सासूबाईंनी त्यातलं लोणचं पानात वाढलं आणि म्हणाल्या, आता मेथ्या बऱ्या तळल्यात.

त्यानंतरची भाऊबीज आली. घरात त्या विषयावर कुणी बोललं नाही. सकाळी सासूबाईंनी बासुंदी केली, कारण भाऊबीजेला ती करायचीच असते. आबा जेवून आडवे झाले. मी एका गुळाच्या व्यापाऱ्याकडे तासाभराचं काम आहे असं सांगून बाहेर पडले. काम होतंही, पण ते फोनवर उरकण्यासारखं होतं.

परत आले तेव्हा घराची किल्ली माझ्या पर्समध्येच होती. मी पुढच्या दाराकडे गेले नाही. घराला वळसा घालून, तुळशीच्या बाजूने, मागच्या दाराशी गेले. लग्न होऊन आल्यापासून मी त्यांना अहो आई म्हणत आलेय. एकेरी हाक मारायचं मनात आलं तेव्हा मला घाम फुटला. पण मी बाहेर होते, आणि मला आत यायचं होतं.

मी दाराला तोंड लावून, आबा उठणार नाहीत अशा बेताने म्हटलं, "आवडे, कडी काढ गे. आबा झोपल्यात."

आत बांगड्या किणकिणल्या आणि लगेच थांबल्या, कुणीतरी त्या दुसऱ्या हाताने धरल्यासारख्या. थोडा वेळ काहीच झालं नाही. मग कडी निघाली. तिचा आवाज झाला नाही.

दार जरासं उघडलं. सासूबाई बाजूला उभ्या होत्या. माझ्याकडे न बघता त्या हळूच म्हणाल्या, "पाय पूस आन् आत ये."

मी पाय पुसले आणि आत गेले.